तनि आटोपशीर होती

...वडा! तेहतीस वर्षं मी या चेन्नईत गाण्यावर लिहितोय, चार पुस्तकं आहेत माझ्या नावावर, रागांवर भांडून भांडून केस गेले, आणि सकाळी भाजीच्या गाडीपाशी मला गाठून लोक विचारतात काय? "वेदांतम सार, यंदा कॅन्टीन कुठलं?" अहो, मी आचारी आहे का? कढईत उभा राहून लिहितो का मी?

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. नऊ वर्षांपूर्वी, मार्गळी महिना, गाण्याचा मोसम ऐन भरात, रोज चार-चार मैफली ऐकून डोकं भणभणलेलं, आणि संपादक म्हणाला, "सार, रविवारी जरा हलकंफुलकं द्या ना." दिलं! संगीत सभांच्या, म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्थांच्या, कॅन्टीनवर एक लेख. एकच! कुठल्या सभेत केळफुलाचा वडा खुसखुशीत, कुठली कॉफी पांचट, एवढंच. झालं! लोकांनी तो कापून पाकिटात ठेवला हो! माझी बाकीची तेहतीस वर्षं रद्दीत, आणि वडा पाकिटात, बायकोच्या फोटोशेजारी!

बरं, या कॅन्टीनने कुणाचं वाटोळं केलंय ते ऐका. मैफलीतलं मोठं गाणं झालं की गायक गप्प बसतो आणि मृदंगवाला एकटा वाजवतो. ती तनि. दहा-पंधरा मिनिटं. दोन तास बिचारा दुसऱ्याच्या मागे मागे चालतो, ही पंधरा मिनिटं काय ती त्याची स्वतःची. आणि नेमकं तेव्हाच अख्खं सभागृह उठतं! मामा चपला शोधतात, मामी पिशवी उचलतात, "अहो चला लवकर, रांग लागेल, मागच्या वेळी तो गोड भात, अक्कारवडिसल, संपला होता!" त्याच्या तोंडासमोरून हो! हसू नका, संतापाची गोष्ट आहे.

आणि मी? आता लपवून काय करू... मीही उठायचो. वही काखेत मारून पहिला मी! दिवसाला चार मैफली, माणसाने खायचं कधी? पान पुढ्यात घेऊन तिथूनच लिहायचो, 'तनि आटोपशीर होती.' कुणाची का असेना! आटोपशीर शब्दाला कोण नाव ठेवणार?

एकाने ठेवलं. पुदुमंगलम संतानम अण्णा. साठ वर्षं मृदंग वाजवलेला माणूस, एक दिवस फाइल घेऊन माझ्या दारात. आत माझी परीक्षणं, तारीखवार लावलेली. म्हणाले, "सार, एकशे बारा आहेत. माझ्याबद्दल एकशे बारा वेळा एकच वाक्य. तिरुच्चीला मी पस्तीस मिनिटं वाजवलं होतं, तेही आटोपशीर?" शांतपणे विचारलं! शिव्या घातल्या असत्या तर दोन मीही दिल्या असत्या, पण शांत माणसाचं काय करायचं? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून पुस्तक लिहायला घेतलं. त्यांचं चरित्र. सहा वर्षं त्यांच्या ओसरीवर बसून एकेक बोल उतरवून घेतला. प्रकाशकाकडे गेलो तर तो काय म्हणतो? "सार, मृदंगवाल्याचं कोण वाचणार? त्यापेक्षा कॅन्टीनचं काढू या का? फोटोंसकट!" हात उचलणार होतो मी, देवाशपथ! पाचव्या प्रकाशकाने छापलं, तेही त्याची सासू अण्णांच्या गावची निघाली म्हणून.

पुस्तक अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, म्हणाले, "छान. पण सार, पुढच्या महिन्यातली मैफल माझी शेवटची. एक्क्याऐंशी झाली, बोटं ऐकत नाहीत. एकदा तनि वाजवताना डोळे उघडले की समोर माणसं दिसू देत. साठ वर्षं खुर्च्याच बघतोय." काय मागितलं? पुरस्कार? नाही. माणसं! मी छातीवर हात मारून म्हटलं, "अण्णा, एकही जण उठला तर वेदांतम नाव लावणार नाही!"

आता ती मैफल ठेवणाऱ्या सभेचे सेक्रेटरी पंचापकेशन. हा माणूस घड्याळ गिळून जन्माला आलाय. मी म्हटलं, त्याच मैफलीत पुस्तकाचं प्रकाशन करू, सुरुवातीला ठेवा. "छे छे, सुरुवातीला हॉल रिकामा असतो." मग शेवटी? "शेवटी लोक पळतात. मोठ्या गाण्याच्या आधी ठेवू, तेव्हा सगळे असतात. पाच मिनिटं बोला. पावणेसातला पुढची मैफल." बरं म्हटलं, आणि वळतोय तर मागून, "सार, यंदा कॅन्टीन आपलंच चांगलं आहे असं लिहाल ना?"

ठिणगी पडली ती तिथे! आणि वर माइक हातात! समोर सहाशे माणसं, पहिल्या रांगेत एक मामा मला बघून शेजाऱ्याला म्हणतो, "हे बघ, वड्यावाले सार!" वड्यावाले!! सुटलो मी. तुम्ही लोक काय समजता स्वतःला, म्हटलं, माणूस पोरासारखं कातडं कवटाळून साठ वर्षं बसतो आणि तुम्ही त्याच्यासमोरून चटणीला पळता? लाज? आणि मीही तुमच्यातलाच, म्हटलं, एकशे बारा वेळा खोटं लिहिलंय मी! आज तनिला जो कुणी उठेल त्याचं नाव उद्या पेपरात छापीन! तुम्हाला सांगतो, टाळ्या! कडकडाट! मला चेव आला. कोपऱ्यात पंचापकेशन मनगट बडवतोय, मला वाटलं तोही टाळ्या वाजवतोय!

पाचाची सत्तावीस मिनिटं झाली.

मग अण्णा ज्यांना साथ करत होते त्या अलमेलु अम्मा गायल्या. मोठं गाणं, गायिका मोठी, त्या कशाला एक स्वर सोडतील? मी पहारेकऱ्यासारखा दारात हात पसरून उभा. गाणं संपलं. तनि! आणि कुणी... उठलं... नाही! सहाशेच्या सहाशे खुर्चीला चिकटलेले! अण्णांनी डोळे उघडले, हॉलभर नजर फिरवली, थाप दिली... काय थाप होती हो ती! पोटात गेली. आणि दुसरं आवर्तन सुरू होतंय तोच पंचापकेशनने पडद्याआडून बोटं दाखवली. तीन. तीन मिनिटं! वेळ कमी पडला तर कापायचं कुणाला? तनिला! इतकी वर्षं तिला मी कॅन्टीनपायी सोडून जात होतो, आणि ज्या दिवशी दार अडवून थांबलो त्या दिवशी मीच बोलून बोलून खाऊन टाकली!

मंगलम गाऊन मैफल संपली, आत गेलो. अण्णा मृदंगाला खोळ घालत होते. मी सरळ पायावर पडलो, रडलो, खोटं कशाला सांगू. ते म्हणाले, "आटोपशीर झाली ना, सार?" धरणी दुभंगली तर बरं असं वाटलं. मग मला उठवून बसवलं. "सगळे बसले होते. मी बघितलं. एक बाई तर हातावर तालही धरत होती." खोळीची गाठ मारली. "सार, साठ वर्षं माझ्या वेळेला सगळी दुनिया तिकडे जाते, मी एकदाही वेळेवर पोचलो नाही. जाईपर्यंत भांडी घासायला पडलेली. सांगा आता, यंदा कॅन्टीन कुठलं?"

काय करणार... सांगितलं. हेच, म्हटलं, मागच्या दाराने जाऊ, कोपऱ्यातलं टेबल. आणि गेलो तर टेबलं मोकळी, वडे परातभर, गरमागरम! असणारच. पुढची मैफल लागलीच सुरू झाली होती, आणि तनिला कुणी उठलंच नव्हतं ना!