मधली खुर्ची

यवतमाळात छातीच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. डावीकडे तोंडाला ओला रुमाल धरलेली म्हातारी, उजवीकडे आताच गावाहून आलेला तिचा नवरा. दोघांचं बोलणं मला ओलांडून चाललं होतं.

"अहो, इकडं या ना बसाले."

"नाही. कपड्याले धुराचा वास आहे. तुले लगेच खोकला येते."

"आंघोळ नाही केली काय?"

"दोनदा केली. आठ दिवसांपासून जंगल जळून राह्यलं, वास जाते कुठी!"

"कोणं लावली आग?"

"मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवला कोणंतरी, फुलं वेचाले सोपं जाते म्हणून. वाऱ्यानं गेली वर."

"आपल्या मोहाखाली?"

"आपल्या मोहाखाली यंदा काडी नाही लावली. मीच पाला झाडतो रोज, खराट्यानं."

"तुमी? घरात तं कधी झाडू नाही धरला! लोकं हासत असतीन."

"हासू दे."

"मंग न्या ना मले घरी."

"डॉक्टर म्हणते, पाणी पडेपर्यंत पोरीकडंच ठेवा. दारं-खिडक्या लावून."

"मंग कायले झाडता उगंच?"

"तू कधी येशीन, सांगता येते काय!"

"फुलं नाही आणली?"

"आणली होती. गाडीत हुंगून पाह्यली, त्यालेबी धुराचाच वास. खाली उतरल्यावर देऊन टाकली एकीले."

म्हातारीनं रुमाल खाली घेतला आणि ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, तुमी माह्या खुर्चीवर येता काय? नंबराले टाइम आहे अजून. खोकला आला तं येऊ दे."