मंगळवारचं पत्र

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिंपीणकाकू बंद पडलेला प्रिंटर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कान मात्र काउंटरकडे लागले होते. तिथे एक सून कारागिराशी बोलत होती. तिची सासू काकूंच्या शेजारच्या खुर्चीत टेकली होती.

"सासूबाईंचे हात थरथरतात, म्हणून त्या बोलतात आणि हा लॅपटॉप टाइप करतो. अपडेट केल्यापासून माइक बंद केला तरी ऐकतच राहतो."

"कंपनीला ठाऊक आहे ते. माइक चालूच राहतो. पुढच्या अपडेटमध्ये सुधारतील."

"आणि तोवर जे ऐकतो, ते?"

"उघड्या पत्राच्या खाली उमटत जातं."

"स्वयंपाकघरातलंसुद्धा?"

"दार उघडं असेल तर."

"हळू बोला हो! मंगळवारी मी बहिणीशी फोनवर बोलत होते... सासूबाईंना वृद्धाश्रमात ठेवण्याबद्दल. त्यांचं पत्र तेव्हा उघडंच होतं, नणंदेला जायचं होतं. गेलंय का, तेवढं बघा. जीव टांगणीला लागलाय माझा."

"पासवर्ड?"

"तो त्यांनाच माहीत. आई, जरा येता का? पासवर्ड हवाय."

"आले, आले. अगं, माझी पिशवी खुर्चीवरच राहिली बघ. आण जरा."

सून पिशवीसाठी मागे वळली.

"हं, सांगा आजी."

"सांगते. पण उघडलंत की आधी मंगळवारचं पत्र पुसा."

"त्यातलं काही लागलं तर?"

"वाचलंय मी. लेकीला पाठवलं नाही, आणि मी वाचलंय हे हिलाही कळायला नको. आटपा, आली ती."