टॅन्सीसाहेबांचा आवाज

जवळ सरका, मंडळी. हॉलीवूडमधल्या एका स्टुडिओच्या बाकावर ऐकलेलं सांगतो. रविवारी चर्चमध्ये गाऊन सांगितलेल्या प्रवचनाइतकं ते मला गोड आहे. बोलपट तेव्हा नवे होते.

"टॅन्सीसाहेब! तुम्ही, चित्रपटातल्या गर्दीत उभं राहणाऱ्यांच्या रांगेत?"

"कोण, मॉड? बस गं पोरी. गर्दीला तोंड उघडावं लागत नाही, म्हणून घेतात मला."

"अहो, नटाचे दिग्दर्शक झालात, बारा चित्रपट केलेत!"

"मुके होते ते. कॅमेरा फिरताना मी नटांशी बोलत राहायचो. बोलपटातही सवय सुटेना. नटी रडायला लागली, की मी मध्येच, 'रड गं माझे बाई!' ते सगळं चित्रपटात उमटायचं. स्टुडिओवाल्यांनी तीनदा ऐकून घेतलं, चौथ्यांदा मला घरी पाठवलं."

"आज माझी रडण्याची चाचणी आहे, साहेब, आणि डोळे ठणठणीत कोरडे. नाही जमलं तर दुसरीला घेणार. तुमच्या बोलण्याशिवाय कॅमेऱ्यासमोर कधी रडलेय का मी?"

"आत सोडणार नाहीत मला."

"मग इथंच बोला ना!"

"बरं, मीट डोळे. आई स्टेशनवर धावत आलीये. गाडी हलली. तुझ्यासाठी आणलेली सफरचंदं तिच्या ओच्यातच राहिली. निरोपाला हलवायलासुद्धा हात मोकळा नाही गं तिचा..."

"मॉड हॅलोरन, आत या!"

"साहेब, दारापर्यंत बोलत राहा."

"बोलतोय. डोळे पुसू नकोस, तशीच जा."

दार लागलं, वर 'आवाज बंद' सांगणारा लाल दिवा पेटला, आणि म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

बाबांनो, प्रार्थनेला बसाल तेव्हा ऑर्विल टॅन्सीची आठवण ठेवा: दारापर्यंत बोलावं, मग तोंड मिटावं.