वय वर्षे आठ आणि पुढे

...नाही, पण मला एक सांगा, खोक्यावर असं लिहायचंच कशाला? "वय वर्षे आठ आणि पुढे"! अहो, पुढे म्हणजे किती पुढे? मी चांगला साठीच्या पुढे आहे, म्हणजे मला यायलाच पाहिजे ना? पण तुम्हाला सांगतो, त्यातले स्क्रू इतके बारीक, इतके बारीक, की एक माझ्या चहात पडला आणि घोट घ्यायच्या आत दिसला म्हणून आज तुमच्यासमोर उभा तरी आहे.

तर झालं काय, माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, सुट्टीत यायची होती. दोन दिवस. दोनच! कारण बाकीची अख्खी सुट्टी तिकडच्या आबांकडे, म्हणजे आमच्या व्याह्यांकडे. माणूस सोन्यासारखा, नाव ठेवायला जागा नाही, आणि तेच तर मला खुपतं. कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेला त्यांचा. घरात एक नळ गळत नाही, एक दार कुरकुरत नाही. नातीला झोपाळा काय करून दिला, पवनचक्की काय करून दिली... आणि मी? मी कचेरीत जावक विभागात! कागद पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचं, वर पत्ता लिहायचा. आता नातीला काय दाखवू, पाकीट? मागच्या सुट्टीत दुसऱ्याच दिवशी पोरगी जेवताना आजीला विचारते, "आबांकडे कधी जायचं?" तुम्हाला सांगतो, हातातला घास मी परत ताटात ठेवला.

म्हणून गेलो दुकानात. तिथली विक्रेती मुलगी अगदी गोड आवाजात, "काका, हे न्या, यात मोटर आहे, चाकं आहेत, पुस्तक आहे, मुलं आपल्या हातांनी करून शिकतात." मी म्हटलं, अवघड नाही ना? तर खोक्यावर बोट ठेवून म्हणते, "काका... वय वर्षे आठ आणि पुढे." आता माघार कशी घेणार? घेतलं.

आणि घरी येताना ठरवलं, नात यायच्या आत आपण हे करून ठेवायचं. टाळीवर चालणारी गाडी होती ती. नात दारात आली की टाळी वाजवायची, गाडी धावत जाऊन तिच्या पायाशी उभी! मग बघू व्याही काय म्हणतात.

पुस्तक उघडलं तर आत अक्षर नाही. नुसती चित्रं आणि बाण. एका चित्रात सगळे तुकडे सुटे, पुढच्या चित्रात निम्मी गाडी तयार, मधलं काय झालं ते देव जाणे, आणि शेजारी एक मुलगा हसतोय. कुणाला हसतोय? दुसरं कोण होतं तिथे? आमची ही येता-जाता बघायची. न बोलता बघण्यात तिचा हातखंडा आहे. शेवटी राहवेना तेव्हा म्हणाली, "अहो, लेकराचा खेळ आहे, लेकराला खेळू द्या की." मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. मला तरी कुठे कळत होतं म्हणा.

पण झाली हो, गाडी झाली! टाळी वाजवली... गाडी मागे गेली. परत वाजवली, परत मागे, थेट कपाटाखाली. आता दुसरा कुणी असता तर त्याने दोन वायरी उलट करून जोडल्या असत्या, हे मला नंतर कळलं. पण मी पडलो जावक विभागातला! पाकीट भलतीकडे निघालं तर आम्ही पाकीट बदलतो का? पत्ता बदलतो. मी गाडीचं तोंड काढलं आणि मागच्या बाजूला बसवलं. झाली सरळ! मग दुसरी पंचाईत, चालली की सुटायची. चाक इकडे, छप्पर तिकडे. आणि सुटं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा आमच्या विभागाचा नियम. काढली डिंकाची बाटली, तोच कचेरीतला पांढरा डिंक, आणि सांध्यासांध्यात ओतला. स्क्रूंच्या डोक्यांवरसुद्धा. विषाची परीक्षा कशाला घ्या?

नात आली. मी टाळी वाजवली. गाडी बरोबर तिच्या पायाशी गेली. छाती अशी फुगली होती माझी... आणि पोरगी खाली बसली, गाडी उलटी केली, सुलटी केली, आणि पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. त्या पानावर गाडी, पंखा, क्रेन, पाळणा, सगळं त्याच तुकड्यांचं! एक करायचं, सोडवायचं, पुन्हा दुसरं जोडायचं. मी ते पान बघितलंच नव्हतं. गाडी झाल्यावर पुस्तक कोण वाचतो? तिने एक चाक ओढलं. हलेना. दुसरं ओढलं. तेही हलेना.

"आजोबा, तुम्ही सगळं करून टाकलंत. मग मी काय करू?"

रागावली असती तरी चाललं असतं हो. पण तोंड एवढंसं झालं तिचं. जिने इथे रमावं म्हणून हा सगळा उपद्व्याप, तिचाच खेळ मी डिंक लावून बंद केला! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तोवर हिने व्याह्यांना फोन लावलासुद्धा. तिकडून तोच शांत आवाज, काही काळजी करू नका, गाडी इकडे पाठवा, मी संध्याकाळपर्यंत सोडवून ठेवतो. झालं! म्हणजे गाडी तिकडे, गाडीमागून नात तिकडे. मी म्हटलं, पाठवतो. दुसरं काय म्हणणार?

तर पोरगी फोन घेते आणि म्हणते, "नको आबा. तुम्हीपण सगळं करूनच ठेवता. इथे निदान बिघडलेलं तरी आहे."

निदान बिघडलेलं तरी आहे... हे कौतुक की अपमान, मी अजून ठरवतोय.

मग काय, कोमट पाणी, जुना ब्रश, आजीच्या केसांच्या पिना. मोटर पाण्यापासून लांब धरून बसायचं काम माझं, बाकी सगळं ती. मी जरा बोट पुढे केलं की, "आजोबा, हात मागे!" आणि तुम्हाला सांगतो, पोरीला आठ पूर्ण व्हायला अजून दोन महिने होते. खोक्यावर काय लिहिलंय? जाऊ द्या.

दोन दिवसांचे चार झाले, चाराचा आठवडा झाला. क्रेन झाली, क्रेनने चमचा उचलला. मुलीचा फोन आला, आबांकडे कधी जातेस? तर म्हणते, थांब गं, इथे अजून खूप काम आहे. कारण तोवर तिला आमचं घर दिसलं होतं ना! दारावरची बेल, टेबलाचा पंखा, भिंतीवरचं घड्याळ... ज्याला ज्याला म्हणून मी कधीतरी दुरुस्त केलं होतं, ते सगळं. अख्खी सुट्टी इथे काढली पोरीने! बेल वाजायला लागली, पंखा फिरायला लागला, घर कसं ठणठणीत. आणि जाताना गळ्यात पडून बजावून गेली, पुढच्या सुट्टीतपण काहीतरी बिघडलेलं ठेवा हं आजोबा.

आता आली का पंचाईत? सगळंच चालू! सकाळपासून घरभर फिरतोय, कशाचं काय बिघडवावं सुचत नाही. शेवटी हिलाच विचारलं. तर मान वर न करता म्हणते कशी, "मुद्दाम कशाला बिघडवताय? नेहमीसारखं दुरुस्त करायला घ्या."