खंड्यासाठी काव काव

आता मला सांगा, ज्या माणसाला स्वतःच्या घरातली मिठाची बरणी सापडत नाही, त्याला तळ्यापलीकडच्या झुडपातला पक्षी दिसणार आहे का? पण नाही... आमच्या नवरोबांना, अंबरीशला, खंड्याचा फोटो हवा! इथे इंग्लंडात लेस्टरच्या हॉस्पिटलात लोकांना भूल देतो आणि स्वतः जागेपणी भुललेला. दर रविवारी पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे घालायचे, ती भली मोठी लेन्स तान्ह्या बाळासारखी कुशीत घ्यायची आणि निघायचं. कुठे? तर हाइडमध्ये. हाइड म्हणजे तळ्याकाठचं लाकडी खोपट, त्याला बघायला फटी. आत त्याच्या फोटो क्लबातले रिटायर्ड गोरे मांडीला मांडी लावून बसलेले. बोलायचं नाही, शिंकायचं नाही... मी एकदा चिवड्याची पिशवी उघडली, तर कीथ नावाचे म्हातारबुवा असे बघायला लागले, जसे काही मी चर्चमध्ये फटाके लावलेत. आणि इतकं करून पक्षी येईल तर शपथ!

मग घरी येऊन राग काढायचा कावळ्यांवर. म्हणे तिथे कावळ्यांचा नुसता सुळसुळाट, प्रत्येक फोटोत तेच, दळभद्री पक्षी.

तर तुम्हाला सांगते, पितृपक्षात सासऱ्यांची तिथी नेमकी रविवारी आली. क्लबाच्या प्रदर्शनाला फोटो द्यायची मुदत संपत आलेली, त्यामुळे साहेब पहाटेच पसार. दुपारच्या आत येतो म्हणाले. आले असतील! इकडे पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी सोवळ्यात खीर-वडे केले, पान बागेत ठेवलं, आणि कावळा शिवल्याशिवाय तोंडात पाणी घालणार नाही म्हणून बसल्या. त्यांना डायबेटिस, बरं का! आणि बागेत आलं कोण? गलेलठ्ठ कबुतरं आणि एक खार. खार वड्याकडे सरकली तशा सासूबाई म्हणाल्या, "हाकल तिला, ती आपल्यातली नाही."

दुपार टळली, पक्षी येईल तर शपथ. त्यांचे हात थरथरायला लागले तशी मी घाबरले. पान उचललं, त्यांना गाडीत घातलं आणि थेट हाइड गाठलं. कावळे तिथेच असतात, नवराच सांगतो ना?

आत काय चाललंय मला काय स्वप्न पडलं होतं? खंड्या आलेला! समोरच्या काटकीवर, अंबरीशनं श्वास रोखलेला, बोट बटणावर... आणि बाहेर सासूबाईंनी कुंपणावर पान ठेवून बेंबीच्या देठापासून हाक घातली, "काव! काव! काव!"

खंड्या गेला. कावळे झाडावर बसून नुसते बघतायत. अंबरीश लालबुंद होऊन बाहेर आला, इथे बोलायचं नसतं म्हणून आईच्या कानात कुजबुजायला लागला. त्यांचं लक्ष कुठे? हात जोडून झाडाकडे बघत म्हणाल्या, नातीला मराठी शिकवू. कावळा ढिम्म. पुण्याचा फ्लॅट विकणार नाही. ढिम्म. मग लेकाकडे वळल्या.

"तुझ्यात अडकलाय जीव त्यांचा. म्हण, कॅमेरा सोडतो."

त्यानं एकदा लेन्सकडे बघितलं, एकदा आईच्या थरथरत्या हातांकडे. आणि हळूच म्हणाला, "बाबा, सोडतो."

धप्पकन कावळा उतरला, अख्खा वडा घेऊन गेला! सासूबाई तिथेच गवतात बसून खीर प्यायल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

पण खोपटातून कटकट कटकट कॅमेरे वाजत होते ना... प्रदर्शनात पहिलं बक्षीस कुणाला? कीथला! फोटोचं नाव, 'डोनट पळवणारा कावळा'. आणि आमचा अंबरीश त्या फोटोपुढे उभा राहून येईल त्याला सांगतोय, डोनट नाही हो, उडदाचा वडा आहे तो.

शब्द पाळला हं त्यानं, कॅमेऱ्याला हात लावत नाही. पण क्लबाला आता दर रविवारी सासूबाई हव्यात, काव काव करायला! त्या पदर खोचून तयार, हा त्यांचा ड्रायव्हर, आणि पहाटे उठून वडे कोण तळतं? मी! पक्षी येतात हो आता, थव्यानं येतात... एक वडा घरी परत येईल तर शपथ.