आमेन म्हणणारं कोणी

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन शेजारणी मराठीत बोलत होत्या.

"रणभिसे काकू, हल्ली भिंतीपलीकडून तुमची प्रार्थना ऐकू येत नाही."

"मनातच करते आता, केतकी. शेवटी आमेन तुझे काका म्हणायचे. ते गेल्यापासून मोठ्याने केली की शेवटी थांबते, वाट बघत राहते."

"देवाला मनातलंही कळतंच ना."

"त्याला कळतं गं. घर मात्र गप्प राहतं."

"मी तेव्हा पलीकडे पोळ्याच करत असते. तुम्ही मोठ्याने करा, आमेन मी म्हणते."

"तुला चालेल?"

"बिल्कुल. काकांचं रोज ऐकलंय की."

"मार्चमध्ये मला यांच्या नोकरीचं सरकारी क्वार्टर सोडायचंय."

"तोवर तरी, काकू."

"बरं. मार्चपर्यंत मोठ्याने करते. पुढचं मनात."