रोक्कापिएत्राचे एकतीस आणि एक बिगुलवाला

काराबिनिएरी पोलीस ठाणे, कार्पी, जिल्हा मोदेना
दिनांक २१ ऑक्टोबर २०१९, सकाळी ९.४०

नाव नुन्झियो रोक्को दि बेरार्दो, वय २४ वर्षे, धंदा नोकरी (मोटारगाड्यांना रंग मारणे), शिक्षण आठवी, राहणार कार्पी, स्टेशनच्या मागे, सायकलच्या दुकानावरची खोली. मूळ गाव रोक्कापिएत्रा, अब्रुझ्झो.

मी समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी तीन वर्षांपासून एकटा राहतो. त्याआधी पेस्काराच्या बंदरावर मासळीच्या पेट्या उचलल्या, एक हिवाळा फरशीच्या कारखान्यात आणि एक उन्हाळा रिमिनीला हॉटेलात काढला. कुठे टिकलो नाही. गॅरेजात टिकलो, कारण रंगाचं काम हातात बसलं.

इवानो गुआल्दी, वय ६७, निवृत्त फोरमन, यांनी तक्रार दिली आहे की मी त्यांच्या मालकीचा एक धातूचा सैनिक जाणूनबुजून नासवला. तक्रार मला वाचून दाखवली. त्यावर माझं म्हणणं असं.

चर्चच्या सभागृहात दर शनिवारी दुपारी तीन ते सात आमच्या क्लबाचा खेळ असतो. टेबलावर डोंगर, नदी, घरं मांडायची, आपापली पलटण उतरवायची आणि पट्टीने अंतर मोजत, फासे टाकत एखादी जुनी लढाई परत लढायची. सैनिक बोटाच्या दोन पेरांएवढे, शिसं आणि कथलाचे. ज्याचे त्याने रंगवायचे. सगळे इटलीचंच सैन्य जमवतात, शतक ज्याचं त्याचं वेगळं. गुआल्दी अध्यक्ष आहेत. एर्मेस बार्बिएरी, निवृत्त टपालवाले, चिटणीस आहेत. नियम पुष्कळ आहेत, पण सगळे पाळतात असा एकच. दुसऱ्याच्या सैनिकाला विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही. टेबलावरून खाली पडला तरी मालकाने येऊन उचलायचा.

गुआल्दींकडे बेर्सालिएरी नावाच्या पायदळाचे सैनिक आहेत. टोपीवर कोंबड्याची काळी पिसं, पळता पळता बिगुल वाजवणारे. सहाशेच्या वर असतील, तीस वर्षांत जमवलेले. मी क्लबात पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी त्यातला एक बिगुलवाला स्वतःहून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बघ." मी पाहिला. गाल फार लाल होते आणि डोळे दोन दिशांना होते. मी परत दिला. तो कोणी रंगवला ते मला माहीत नव्हतं.

माझी पलटण डोंगरी आहे. टोपीत एकच पीस, बरोबर खेचरं. आमच्या गावच्या चौकात एक दगड आहे, त्यावर दुसऱ्या महायुद्धात रशियात जाऊन परत न आलेल्यांची नावं आहेत. एकतीस. मी तितकेच सैनिक केले आणि चार खेचरं केली. दोन हिवाळे लागले. प्रत्येकाच्या पायाखालच्या चकतीला खालून सुईने एकेक नाव कोरलं. पणजोबा पान्फिलो खेचरं हाकायचे. त्यांची तीन पत्रं घरी आहेत. त्यात पणजीपेक्षा बियोन्दा नावाच्या खेचरीची चौकशी जास्त आहे, यावरून घरात अजून हसतात. बियोन्दा मी पिवळसर केली. तिचा एक कान तुटला होता, तो गाडीच्या पुट्टीने बसवला.

रंग मी नेहमीचेच वापरले, पण वरून गाड्यांचं हार्डनर घातलेलं लॅकर मारलं आणि गॅरेजच्या भट्टीत सुकवलं. मालकाला सांगून. क्लबात हे कोणाला बोललो नाही. कोणी विचारलंही नाही.

क्लबात म्हणतात की नवी रंगवलेली पलटण पहिल्या लढाईत पळतेच. माझीही पळाली. फासाच तसा पडला. गुआल्दी म्हणाले, "अस्सल आहेत रे, पोरा. रशियातूनही अशीच पळाली होती." सगळे हसले. मी पट्टी खाली ठेवली. पळाली असती तर दगडावर नावं आली नसती, हे मी तेव्हा बोललो नाही. ते इथे लिहून घ्यावं.

ऑगस्टमध्ये आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी तीन आठवडे गावी गेलो. खोलीला ओल आहे म्हणून पलटण क्लबाच्या कपाटात ठेवली होती. किल्ली गुआल्दींकडे असते. परत आलो तर फळी रिकामी. मी विचारल्यावर गुआल्दी म्हणाले, "उंदरांनी नेली असेल. त्यांनाही संरक्षण लागतं." एर्मेस यांनी दोन शनिवार माझ्याबरोबर शोधलं. गुआल्दींनीही खुर्च्यांखाली वाकून पाहिलं.

दिनांक १३ ऑक्टोबरला रविवारी शेजारच्या रेज्जो शहरात अशा सैनिकांच्या प्रदर्शनात मी पलटण पाहिली. काचेच्या पेटीत होती. पायाखाली नव्या बुचाच्या चकत्या, त्यावर पांढरा भुगा, म्हणजे बर्फ. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "माघार, जानेवारी १९४३. इवानो गुआल्दी, कार्पी." पहिलं बक्षीस, एक कप आणि हॅमची अख्खी तंगडी. खेचरीचा कान पुट्टीचा होता.

मी म्हणालो, "अध्यक्ष, ही माझी माणसं आहेत."

ते म्हणाले, "असं? नावं लिहिलीत का त्यांच्यावर?"

लिहिली होती, पण दिसणार नव्हती. जुन्या चकत्या नव्यांच्या आत चिकटवलेल्या होत्या.

ते जवळच्या मंडळींना म्हणाले, "हा आमचा अब्रुझ्झोचा मेंढपाळ. बंपर छान रंगवतो." मग मला म्हणाले, "सैनिक रंगवायला इतिहास लागतो, पोरा. नुसता स्प्रे चालत नाही."

मी एक वाजून पाचच्या गाडीने परत आलो.

शनिवार दिनांक १९ ला चार वाजता मी क्लबात गेलो. बरोबर गॅरेजातला थिनरचा एक लिटरचा डबा होता. हजर माणसं चौदा. गुआल्दींनी ती पलटण आणि बक्षिसाची तंगडी आणली होती आणि स्वतः चकत्या कापून तळलेल्या पुऱ्यांवर घालून सगळ्यांना देत होते. मलाही दोन दिल्या. म्हणाले, "खा रे, हरलेल्यालाही भूक लागते." मी खाल्ल्या. मीठ बेताचं होतं.

मग मी डब्याचं झाकण काढून डबा टेबलावर ठेवला आणि मोठ्याने म्हणालो की माझ्या सैनिकांवर गाडीचं लॅकर आहे, त्यांचा रंग थिनरने जात नाही. डोंगरी पलटणीतला कुठलाही एक टाका आणि साठ आकडे मोजा. रंग गेला तर मी गुआल्दींची माफी मागून क्लब सोडीन.

गुआल्दी म्हणाले, "सर्कस आलीय गावात."

एर्मेस म्हणाले, "टाकू या ना, इवानो. पोराचं समाधान होईल."

मी सैनिकांना हात लावला नाही. मालकी ठरायची होती. एर्मेस यांनी गुआल्दींना विचारून खेचर हाकणारा एक उचलला, डब्यात सोडला आणि साठ मोजले. रंग जागच्या जागी होता. हातमोजे नव्हते म्हणून एर्मेस यांनी तो लगेच काढला नाही. मागच्या खोलीतून पक्कड आणायला कोणाला तरी पाठवलं.

गुआल्दी हसले. म्हणाले, "यात नवल काय? मीही तेच लॅकर मारतो. बरीच वर्षं."

मी विचारलं, "सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर."

"बेर्सालिएरींवरही?"

"कान साफ कर, पोरा. सगळ्यांवर म्हणालो."

ते आपल्या पेटीतून मागच्या रांगेतला एक बंदूकवाला काढू लागले. मी म्हणालो, "तो नको. बिगुलवाला टाका."

मग एर्मेस म्हणाले, "इवानो, राहू दे. तो इरीदेचा आहे." इरीदे म्हणजे गुआल्दींची बायको. ती सहा वर्षांपूर्वी वारली. तिने आयुष्यात रंगवलेला तेवढा एकच, असं मला तेव्हा समजलं.

गुआल्दी एर्मेसना म्हणाले, "त्यालाही मारलंय लॅकर. दोन हात मारलेत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मोज रे, मेंढपाळा. मेंढ्या मोजतोस तसा मोज."

त्यांनी बिगुलवाला स्वतःच्या हाताने डब्यात सोडला. मूठ मी उघडली नाही, त्यांनी उघडली. मी मोजायला लागलो. पंधराला लाल रंगाचा धागा वर आला. तेविसाला काळा. एर्मेस म्हणाले, "पुरे." मी मोजत राहिलो. एकतिसाला गुआल्दींनी उघडा हात थिनरमध्ये घातला आणि त्याला बाहेर काढला. रंग त्यांच्या बोटांना लागला होता. सैनिक नुसता धातूचा होता, तोंड नव्हतं. त्यांनी तो सदऱ्याला पुसला. पुसल्यावर उरलेलंही गेलं.

तेवढ्यात पक्कड आली. एर्मेस यांनी माझा खेचरवाला काढला तर बुचाची चकती गळून डब्यात पडली आणि जुनी उघडी झाली. एर्मेस यांनी चष्मा लावून वाचलं, "पान्फिलो दि बेरार्दो." मग माझं आडनाव त्यांना माहीत असूनही त्यांनी मला ते विचारलं.

त्यानंतर हॅम कोणी खाल्लं नाही. गुआल्दी खुर्चीवर बसून होते. मी त्यांच्यासमोर सगळी पलटण खोक्यात भरली. एकतीस आणि चार. एकेक उचलताना मी विचारलं, "हा उचलू का, अध्यक्ष?" पस्तीस वेळा विचारलं. नियम आहे. त्यांनी पस्तीस वेळा मान डोलावली. त्याला पाऊण तास लागला. मध्येच एर्मेस म्हणाले, "नुन्झियो, बस झालं आता," पण ते सैनिकांचे मालक नव्हते.

विचारल्यावरून सांगतो की, गुआल्दींच्या कोणत्याही सैनिकाला मी त्या दिवशी बोट लावलेलं नाही. चौदा माणसं साक्षीला आहेत.

विचारल्यावरून सांगतो की, गुआल्दींविरुद्ध मला चोरीची तक्रार द्यायची नाही. माझी माणसं घरी आली आहेत.

विचारल्यावरून सांगतो की, पलटण माझी आहे हे सिद्ध करायला दुसरा मार्ग नव्हता.

वरील जबाब मला सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी हवालदारसाहेबांना थांबवलं. साहेब म्हणाले, "खोडतो, त्यात काय." मी म्हणालो, खोडू नका, होतं तसं राहू द्या आणि खाली लिहा.

एक. बिगुलवाला कोणी रंगवला ते मला माहीत होतं. तळहातावर ठेवतानाच गुआल्दींनी सांगितलं होतं, "माझ्या इरीदेने केलाय. दवाखान्यात, शेवटच्या महिन्यात. म्हणाली, आण एक, बघू तरी तुला यात एवढं काय दिसतं." हेही म्हणाले होते की हे क्लबात फक्त एर्मेसना माहीत आहे, आणि आता तुला.

दोन. दुसरा मार्ग होता. चकत्यांचा गोंद थिनरमध्ये पाच मिनिटांत सुटतो, हे माझं रोजचं काम आहे. खेचरवाला डब्यातच होता. नाव आपोआप वर येणार होतं. मला नुसतं उभं राहायचं होतं. घरून निघतानाच मी बिगुलवाला ठरवला होता.

या दोन ओळी गुआल्दींना वाचून दाखवाव्यात, एवढी माझी विनंती आहे. मोठ्याने वाचाव्यात, त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

एवढं घातल्यावर जबाब माझ्या सांगण्याबरहुकूम झाला. परत ऐकला, त्यात आता काही कमी नाही. म्हणून खाली सही करतो.

नुन्झियो दि बेरार्दो